दिवसातून दोन थापा

लिफ्टमध्ये मी नुकताच मगरीच्या जबड्यात हात घातला होता, तेवढ्यात फोन वाजला. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर यायला इतका वेळ घेते की मध्यम अंगाची एक गोष्ट तिच्यात आरामात बसते. तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईनं विचारलं होतं, "आजी, तुम्ही कायम मास्क का लावता? काही ऑपरेशन वगैरे झालंय का?" आता असा प्रश्न मला विचारणं ही तिची चूक. मी म्हटलं, "ऑपरेशन कसलं, मगर!" तरुणपणी मी नदी पोहून ऑफिसला जायचे, डबा डोक्यावर बांधून, आणि एका सोमवारी मगरीनं माझ्या पोटाचा लचका तोडला. पण मी काही सोडते होय? मी तिच्या जबड्यात हात घातला आणि आत छत्री उघडली. बाईचे डोळे असे झाले होते की अजून एक मजला मिळाला असता तर तिनं पूर्ण विश्वास ठेवला असता. आणि फोन. दवाखान्यातली ती मुलगी, जिला मी लेव्हलवाली म्हणते, कारण ती कधी कशी आहात विचारत नाही, फक्त रक्तात औषधाची लेव्हल किती आली ते सांगते. "आजी, तुमची लेव्हल तीन पॉइंट एक आलीय." मी म्हटलं, "म्हणजे चांगली का वाईट?" "सात हवी. मागच्या महिन्यात सात होती. गोळी चुकवली का?" "नाही." "आठवून सांगा." "आठवायचंय काय त्यात? नाही चुकवली." "एखाददुसरी?" "एकसुद्धा नाही." मग ती लहान मुलाला विचारतात तसं म्हणाली, "आजी, खरं सांगा हं." तिसरा मजला आला. ती बाई बाहेर पडता पडता माझ्याकडे बघून हसली. मगरीचं तिला पटत आलं होतं, पण माझं हे "नाही" तिला पटलेलं नव्हतं. दार बंद झालं, लिफ्टनं हिसका दिला, आणि माझा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला खाली गेला, जिथं ती असते.

ती तिथं असते हेही कुणाला खरं वाटत नाही. किडनी पाठीत असते ना आजी, म्हणतात. असते की. माझ्या जुन्या दोघी पाठीतच आहेत अजून, कुणी काढल्या नाहीत, निवृत्त झाल्यासारख्या बसून आहेत, आणि नवी पुढं, ओटीपोटात, पिशवी पुढच्या खिशात ठेवावी तशी. हात ठेवला की लागते. मला तीन किडन्या आहेत. आयुष्यात सांगितलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये ही एकच शंभर टक्के खरी, आणि हिलाच लोक म्हणतात, आजी, आता पुरे. चौदा महिने झाले. चौदा महिने सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं की अंगात पहारेकरी असतात, परका दिसला की ते तुटून पडतात, त्यांना गोळीनं जरा गुंगीत ठेवायचं. पुरतं झोपवायचं नाही, नाहीतर साध्या सर्दीनंही माणूस आडवा होतो. नुसती गुंगी. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अहो, ही तर थाप आहे. दिवसातून दोनदा अंगाला सांगायचं की ही बाई परकी नाही हो, आपल्याच घरची आहे, लहानपणापासून इथंच राहते. बारा तास अंग विश्वास ठेवतं. मग त्याला शंका यायला लागते, तेवढ्यात परत सांगायचं. शब्द बदलायचा नाही, वेळ बदलायची नाही. जन्मात मी एक थाप दोनदा सारखी सांगितली नव्हती. दुसऱ्यांदा सांगताना मगर दोन हात लांब व्हायचीच. आणि म्हातारपणी वाट्याला आली ती ही, रोज अक्षर न अक्षर तीच. पण मी सांगत होते. हात थरथरतात त्या गोळीनं, चहाचा कप बशीवर वाजतो, स्टिरॉइडनं तोंड भोपळ्यासारखं झालं, सगळ्याला लोखंडाची चव येते, पाण्यालासुद्धा. तरी मी एकदाही चुकले नव्हते. एकदाही.

एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, मी उतरवायची. स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही, एक गाळायचं नाही, कुणी खोकला तर खोकला. दिवसभर लोकांचं बोलणं हातातून वाहून गेलं की संध्याकाळी माझी जीभ उपाशी कुत्र्यासारखी सुटायची. नवरा बिचारा जेवता जेवता ऐकायचा. म्हणायचा, तुझ्या कोर्टात हत्तीनं साक्ष दिली असं सांगतेस, निदान काय म्हणाला तेही सांग. आणि मी सांगायची. तो गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, ऐकणारं कुणी राहिलं नाही म्हणून मग लिफ्ट. पण त्या दिवशी लिफ्टमधून बाहेर पडताना मला हत्ती आठवला नाही, एक गवंडी आठवला. फार वर्षांपूर्वीचा. पडलेल्या भिंतीची केस होती. समोरचा वकील त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता, तू सिमेंट कमी घातलंस का, आणि तो प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायचा, नाही साहेब. रंगवून नाही, हात जोडून नाही. नाही साहेब. मी नऊ वेळा ते उतरवलं. दहाव्या वेळी त्याचा आवाज बारीक झाला, स्वतःचाच विश्वास उडाल्यासारखा. कानाला कळतं हो. माझ्या कानाला कळत होतं की हा खरं बोलतोय, आणि ते लिहायला माझ्याकडे खूण नव्हती. खऱ्या "नाही"ला आणि खोट्या "नाही"ला एकच रेघ. आता फोनवर माझं "एकसुद्धा नाही" ऐकताना मला वाटलं, आवाज बारीक झाला का माझा? आणि खरंच, आठवायला गेलं की प्रत्येक सकाळ दुसऱ्या सकाळीसारखीच दिसते. परवा घेतली का? घेतली. की ती आदल्या दिवशीची आठवण आहे? शंका अशी बारीक दारातून येते आणि मग सोफ्यावरच बसते.

दार उघडलं धाकट्या बहिणीनं. किडनी तिची. मी तिला तोळा म्हणते, लहानपणापासून. एक बिस्किट दोघींत वाटायचं असलं तरी ती पट्टी आणायची. मोठी होऊन ती वजनमापं तपासणारी अधिकारी झाली, म्हणजे दुसरं होणार काय होती! दुकानात शिरली की दुकानदारांचे अंगठे तराजूवरून आपोआप उचलले जायचे. लग्न केलं नाही. का नाही केलंस विचारलं तर म्हणायची, एक पाहिला होता, त्यानं उंची दीड इंच वाढवून सांगितली. खोटं तिला बोलता येत नाही, जसं काहींना शिट्टी वाजवता येत नाही. माझ्या दोन्ही किडन्या थकल्या असं कळलं तेव्हा तिनं रडारड केली नाही, मिठी मारली नाही. डॉक्टरांना विचारलं, "माझी जुळते का बघा." आणि ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "वजन किती भरलं?" एकशे अडतीस ग्रॅम. तिला अजून पाठ आहे. तेव्हापासून ती माझ्याकडेच राहते, हात धुण्याचे सेकंद मोजते, फळं तीनदा धुते, शिळं काही माझ्यापर्यंत पोचू देत नाही. आणि मी काय देते तिला बदल्यात? मगरी.

तिला मी लेव्हल सांगितली. तिनं कपाटातून गोळ्यांचा डबा काढला, टेबलावर पाकिटं मांडली, चष्मा लावला आणि मोजायला बसली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बोटानं एकेक गोळी दाबत. "छत्तीस हव्यात. छत्तीस आहेत." मी म्हटलं, "बघ!" ती म्हणाली, "मोजणी बरोबर आली म्हणजे माल गिऱ्हाइकाला पोचला असं होत नाही, ताई. तीस वर्षं तेच बघितलंय." "म्हणजे? मी काय कुंडीत टाकते गोळ्या?" मी थट्टेत म्हटलं, आणि तोळानं खरोखर खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं. उठून गेली. मातीत बोट घातलं. मी बघत राहिले. साठ वर्षं हिनं माझ्या हत्तींना, मगरींना, खिडकीतून पळालेल्या न्यायाधीशांना "काहीतरीच तुझं" म्हटलंय, आणि मला ते आवडायचं, ती न मानणारी होती म्हणून तर सांगण्यात मजा होती. पण ते बोट मातीत गेलं तेव्हा छातीत काहीतरी खालच्या मजल्यावर उतरलं. "शपथ घेऊन सांगते," मी म्हटलं. "कुणाची?" तोळा म्हणाली. "कुणाची उरलीय? आईची झाली, दादांची झाली, मेलेल्या मांजराची झाली." मला हसू आलं, तिला नाही. मातीचं बोट तसंच धरून ती म्हणाली, "ताई, बाकीचं सगळं जाऊ दे. ती माझी होती. एकदा, एकदाच, खरं सांग." होती. मी तो शब्द ऐकला. मी म्हटलं, "नाही चुकवली," आणि आवाज गवंड्यासारखा आला. ती गेली स्वयंपाकघरात. पण जेवणानंतर रागातसुद्धा रोजचं गरम पाणी तिनं कपात आणून दिलंच, मी ते प्यायले, लोखंडासारखं कडवट, आणि दोघी आपापल्या खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी परत रक्त दिलं. सकाळची गोळी न घेता जायचं, रक्त काढलं की लगेच घ्यायची, कारण त्यांना बारा तासांनंतर अंगात थाप किती शिल्लक आहे ते बघायचं असतं. मी पर्समधून गोळी काढून लेव्हलवालीच्या डोळ्यांसमोर गिळली, तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. ती म्हणाली, "अहो आजी, तसं नव्हतं म्हणायचं मला." तसंच होतं. त्या दोन दिवसांत मला एक विचित्र सवय लागली. बसमध्ये, जिन्यात, बाथरूममध्ये, कुठंही, मी हात ठेवून तिच्याशी बोलायची. अगं, मी सांगतेय गं त्यांना, तू घरचीच आहेस म्हणून. त्यांना ऐकू का जात नाही? कधी वाटायचं, अंगाला माझी खोड कळली असेल. बाकी सगळ्यांना कळायला साठ वर्षं लागली, त्याला चौदा महिने. हिचं काही खरं नसतं, चला, उठा. आणि पहारेकरी डोळे चोळत उठताहेत, बूट घालताहेत. बाथरूमचा नळ सोडून मी रडत असे तेव्हा. नवीन नव्हतं ते. दीड-दोन महिने चालू होतं, दुपारचं, नळ मोठा सोडून. कारण विचाराल तर धड सांगता येणार नाही. गोळ्यांनी रडू येतं म्हणतात. पण मला दिसायचं की तोळा जिना चढताना मध्येच कमरेवर हात ठेवते. एवढी मोजून मापून जगलेली बाई, तिनं आपल्यातलं एकशे अडतीस ग्रॅम काढून दिलं, आणि कुणाला, तर जिनं जन्मभर फक्त हवा विकली तिला. जगात मी सगळ्यांना सगळं सांगते, न घडलेलंसुद्धा. हे घडत होतं आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांपुढे आम्ही दोघी बसलो. लेव्हल अजून खाली, दोन पॉइंट सहा. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं गाळायचा रक्तातला कचरा, वर. ते म्हणाले, "अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण असंच राहिलं तर अंग तिला नाकारायला लागेल, रिजेक्शन म्हणतो आम्ही, आणि मग सुई घालून तुकडा तपासावा लागेल." फाइल उघडी होती. उलट्या बाजूनं वाचणं ही माझी जुनी कला, वकिलांचे कागद तसेच वाचायची मी. लिहिलं होतं, रुग्णाने डोस चुकवल्याची शक्यता, रुग्ण मान्य करत नाही. मान्य करत नाही! एकतीस वर्षं मी हे शब्द दुसऱ्यांसाठी लिहिले. पाठ ताठ झाली माझी. मी म्हटलं, "डॉक्टर, माझा जबाब घ्या. तोंडात काय काय जातं ते तासातासानं सांगते, तुम्ही फक्त ऐका." आणि मी सुरू केलं. रंगवलं नाही. सकाळी नऊ, दोन गोळ्या, साधं पाणी, अर्धा पेला. दहा, नाश्ता. साडेअकरा, चहा, बिस्किटं दोन, कधी तीन, तीन झाली की बहीण बघते. असं करत करत संध्याकाळपर्यंत आले. मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत होता, कोरडा, सरळ, आणि काय सांगू, त्यात एक धुंदी होती. खरं बोलण्यातही चव असते हे मला सत्तरीत कळत होतं. "साडेसात, जेवण. आठ, बहीण एक कप गरम पाणी देते." "साधं?" "गरम. पिवळट. कडू लागतं, पण मला सगळंच कडू लागतं." डॉक्टरांचं पेन थांबलं. "पिवळट कशानं?" आणि मी तोळाकडे बघितलं.

तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दुकानदारांचे पाहिले असतील तिनं तसे, ती आत शिरल्यावर. एका क्षणात मला सगळं कळलं, आणि त्याच क्षणात जिभेवर तयार गोष्ट आली, पूर्ण, हातपाय असलेली. सवय हो, काय करणार. "मीच आणलं ते," मी म्हटलं. "कसलासा वाळलेला पाला आहे. बाजारात एक बाई भेटली, म्हणाली, झोप लागते. बहिणीला सांगितलं, उकळून देत जा. तिला बिचारीला काय माहीत?" "वाटलंच मला," डॉक्टर म्हणाले, आणि पेन लगेच चालायला लागलं. बघा आता! तीन दिवस खरं बोलले तर कुणी हूं की चूं केलं नाही, आणि एक थाप मारली तर ती सरळ फाइलमध्ये! "लिहू नका ते," तोळा म्हणाली. "खोटं बोलतेय ती." डॉक्टर दमून म्हणाले, "ते मला माहीतच आहे हो, म्हणून तर..." "नाही. आधी खरं बोलत होती. आत्ता खोटं बोलतेय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पाला नाही, फुलं. मी आणली," तोळा म्हणाली. "पिवळी, वाळलेली. दुकानदार म्हणाला, मन उदास असलेल्यांना देतात. रोज तीन ग्रॅम. काट्यावर मोजून. पाच आठवडे." "आणि सांगितलं नाहीत?" "कुणी मला विचारलं नाही," तोळा म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं, कारण ती एकदम खाली बघायला लागली. "औषध नव्हतं ते, फुलं होती. ही दुपारी नळ सोडून रडते. आख्ख्या बिल्डिंगला गोष्टी सांगते आणि मला हे सांगत नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, मगरीसाठी रडतेय."  मी तोंडावरचा मास्क नीट केला, नीटच होता तरी.

डॉक्टरांनी समजावलं, रागावलेही. ती फुलं लिव्हरला असं कामाला जुंपतात की गोळी पोटात जाते आणि काम करायच्या आत बाहेर पडते. फुलं आजपासून बंद, डोस थोडा बदलायचा, आणि दर दोन दिवसांनी रक्त, कारण फुलांचा असर उतरायला पंधरा दिवस लागतील आणि उतरताना लेव्हल उडी मारू शकते. म्हणजे अंगाला सांगायची माझी थाप बरोबर चालली होती, ऐकणारे कानही जागेवर होते, मध्येच कुणीतरी मोठ्यानं नळ सोडला होता. उठायची वेळ झाली, पण मी उठले नाही. "डॉक्टर, ते वाक्य." "कुठलं?" "रुग्ण मान्य करत नाही." ते हसले, "आजी, राहू दे ना, कोण वाचतंय?" "मी वाचते. दुरुस्ती करा. खोडायचं एका रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर काय ते लिहायचं, बाजूला सही आणि तारीख." त्यांनी तोळाकडे बघितलं. तोळा म्हणाली, "पद्धत तीच आहे. करा." त्यांनी केलं. रुग्णाने सर्व डोस वेळेवर घेतले आहेत. सही. तारीख. मी ते दोनदा वाचलं, एकदा उलटं, एकदा सुलटं. सांगते तुम्हाला, निवृत्त झाले तेव्हा शाल, घड्याळ, भाषणं सगळं झालं होतं, मुख्य न्यायाधीश स्वतः उठून उभे राहिले होते (बरं, बसूनच होते), पण तेव्हा अंगावर असा काटा आला नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या मी कठडा न धरता उतरले. खाली आल्यावर तोळा म्हणाली, "मातीत बोट घातलं मी." "हो, बघितलं." "चुकलंच माझं." "लिहून दे," मी म्हटलं, "सही आणि तारीख." तिनं माझा थरथरता हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. पलीकडे गेल्यावर मी तिला नळाचं सांगितलं, तिच्या कमरेवरच्या हाताचं, हवा विकण्याचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "कमरेवर हात मी चाळीस वर्षांपासून ठेवते. तू आत्ता बघितलंस." मग थोड्या वेळानं, "आणि त्या एकशे अडतीस ग्रॅमचं म्हणशील तर, दिलं ते दिलं. आता तू तिला काय काय गोष्टी सांगतेस ते तुझं."

तीन आठवड्यांनी लेव्हल सात पॉइंट दोन, क्रिएटिनीन होतं तिथं परत. लेव्हलवालीनं फोनवर आकडा सांगितला आणि पहिल्यांदाच विचारलं, "आजी, कशा आहात?" मी इतकी चकित झाले की खरंच सांगितलं, बरी आहे. पुढच्या रक्ताला गेलो तेव्हा बाकावर आमच्या शेजारी एक शिंपी बसला होता. नव्यानं किडनी बसवलेला, दीड महिना झालेला, हे त्याच्या बायकोनं सांगितलं, तो बोलतच नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता. हात असे कापत होते की मांडीवरचा कागद फडफडत होता. "सुईत दोरा जात नाही," बायको म्हणाली, "म्हणतात, आता काय उपयोग." तो मान वर न करता मला म्हणाला, "तुम्हाला किती झालं, आजी?" मी तोंड उघडलं. आणि मला खरोखर कळेना काय सांगावं, कारण चौदा महिन्यांचे पंधरा झाले होते, आणि पंधरा महिने हे कापणाऱ्या हातांपुढे ठेवायला फार थोडं होतं, आणि दुसरं काही सांगायचं तर शेजारी तोळा बसली होती.

"अठ्ठावीस वर्षं," तोळा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलं होतं. शिंप्यानं मान वर केली. "अठ्ठावीस?"

"पहिल्या वर्षी हिचेही हात कापायचे," ती म्हणाली, अगदी तशाच आवाजात, ज्या आवाजात ती वजनं सांगते. "मग डोस कमी करतात. मग थांबतं. आता ही विणकाम करते."

विणकाम! मी जन्मात सुई धरलेली नाही. शिंपी माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, मग तिच्या, मग परत माझ्या. "खरंच?" तो म्हणाला.

"मी खोटं बोलत नाही," तोळा म्हणाली. "हिला विचारा."

तो माझ्याकडे वळला. त्याची बायकोही. लेव्हलवालीनं आतून माझं नाव पुकारलं, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मी सरळ बसले, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हटलं, "नाही हो. खोटं ती बोलतच नाही."